जुनी एमएक्स-५ घेताय? इंजिन नंतर, आधी पत्रा बघा

प्रश्न विचारणारे गृहस्थ इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात. आठवड्यातून तीन दिवस गाडीने ऑफिसला जातात, घराला गॅरेज नाही, गाडी बाहेर रस्त्यावरच उभी राहणार. सहा हजार पौंडांत जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार घ्यायची हौस आहे आणि मन माझदा एमएक्स-५ वर बसलंय. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक १९९७ ची लाल, ६८,००० मैल चाललेली, ४,८०० पौंडांची, जाहिरातीत "नुकतीच एमओटी पास" (एमओटी म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी). दुसरी २००३ ची चंदेरी, २,९०० पौंड, "थोडा गंज आहे, बाकी इंजिन एकदम मस्त". यातली कुठली घ्यावी, वर्षाला खर्च किती येईल, आणि तीन-चार वर्षांनी पुण्याला परतायचं झालं तर गाडी सोबत नेता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

मी कॉव्हेंट्रीच्या बाहेर छोटं वर्कशॉप चालवतो. जुन्या टू-सीटर हेच आमचं रोजचं काम, आणि त्यातही एमएक्स-५ सगळ्यात जास्त. खाली लिहितोय ते लिफ्टवर चढवलेल्या गाड्यांखाली उभं राहून तयार झालेलं मत आहे. कंपनीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. फक्त गंजाच्या बाबतीत माझं ऐका.

तुम्ही मैल विचारलेत, सर्व्हिस बुक विचारलंत, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) आणि इंजिनाचा आवाज यावर तर दोन परिच्छेद लिहिलेत. पत्र्याबद्दल एक अक्षर नाही. देशावरून आलेल्या बहुतेकांचं असंच होतं, कारण आपल्याकडे गाडी म्हातारी होते ती इंजिनाने. पुण्यात वीस वर्षांची गाडी बघायला गेलो की आपण आधी धूर बघतो, ऑइल किती खाते ते विचारतो. (कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला मात्र पत्र्याचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.) इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते ओल्या चिखलाबरोबर गाडीच्या पोटात जाऊन बसतं, आणि गाडी जाते ती पत्र्याने. भंगारात निघालेल्या किती तरी एमएक्स-५ माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पायांनी ट्रकवर चढल्यात. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू, आणि खालून हात घातला तर पत्र्याचा चुरा हातात.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न "लाल की चंदेरी" हा नाहीच. गाडीचा सांगाडा किती शिल्लक आहे आणि तुमच्या वापरात तो किती दिवस टिकेल, हा प्रश्न आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, टप, सीट सगळं विकत मिळतं आणि एका शनिवार-रविवारात बसवता येतं. सांगाडा मिळत नाही.

इंजिनाची काळजी सोडा असं मी का म्हणतो तेही सांगतो. ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, इथे १९९० पासून विकायला लागली. पहिल्या पिढीत आधी १.६ आणि पुढे १.८ लिटरचं इंजिन आलं, ते माझदाच्या ३२३ या साध्या घरगुती गाडीच्या कुळातलं. लोखंडी ब्लॉक, वर डबल कॅम. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर नाजूक, रुसणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं, तसलं इथे काही नाही. पहिल्या पिढीत टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी जागेवर बंद पडते, ओढून आणायची, नवा पट्टा चढवायचा आणि पुढे चालू. याचा अर्थ पट्टा बदलू नका असा नाही. ६०,००० मैलांना तो बदलायचाच, आणि त्याच वेळी वॉटर पंपही, कारण मजुरी तीच पडते. लाल गाडी ६८,००० ला आहे, तेव्हा पट्ट्याची पावती मागा. पावती नसेल तर पट्टा बदललेला नाही असं धरून चाला.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. बंद गाडीत तळ, खांब आणि छप्पर मिळून भार वाटून घेतात. उघड्या गाडीला पत्र्याचं छप्परच नाही, वर नुसता दुमडता टप, त्यामुळे त्याच्या वाट्याचा भारही दारांखालच्या दोन पोकळ तुळयांवर येतो. यांना इथे सिल म्हणतात. बाहेर दिसणारा एक पत्रा, आत ताकदीसाठी दुसरा, आणि तळाला जोडलेला तिसरा, अशी ती पेटी असते. ती मागच्या टोकाला, म्हणजे दार संपून मागचं चाक सुरू होतं तिथे सडते. जवळपास प्रत्येक गाडीत तिथूनच सुरुवात होते.

तिथेच का? टपावर पडलेलं पावसाचं पाणी ओघळून सीटच्या मागे एका पन्हळीत जमा होतं. तिथून दोन्ही बाजूंना एकेक नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीखाली उघडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं, फुलोरा आणि धूळ यांचा लगदा होऊन त्या नळ्या तुंबतात. मग पाणी गालिच्यात उतरतं, सिलच्या मागच्या टोकात शिरतं, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. म्हणून बाहेर रंगाला रुपयाएवढा फुगवटा दिसला, तर आत तळहाताएवढं गेलंय असंच आम्ही धरतो. तो फुगवटा दिसेपर्यंत मालकाला पत्ताही नसतो, त्यामुळे दर वेळी विकणारा लबाडच असतो असंही नाही.

गाडी बघायला जाताना अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन जा. मालकाला आधी विचारा, मग टप अर्धा उचलून सीटमागच्या कोपऱ्यात, सीटबेल्टच्या खांबाजवळ, सावकाश पाणी ओता. कुणाला तरी गाडीच्या बाजूला वाकून बघायला सांगा. मागच्या चाकाच्या पुढे पाण्याची सरळ धार पडली पाहिजे. मग दुसरी बाजू. थेंब-थेंब पडत असेल तर नळी अर्धी तुंबलीय. काहीच पडलं नाही तर पाणी गाडीतच कुठे तरी थांबलंय, आणि आजच पहिल्यांदा थांबलंय असं समजायचं कारण नाही. नंतर सीट पुढे सरकवून मागचा गालिचा मुठीत दाबून बघा. ओल हाताला कळते, वास नाकाला.

दुसरं, गुडघे टेकून सिलवरून बोट फिरवा. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या सिलच्या खालच्या भागाला खडे उडून लागू नयेत म्हणून रंगाखाली एक खरखरीत थर दिलेला असतो. बोटाला ती खरखर लागली पाहिजे, आणि पुढून मागेपर्यंत सारखी लागली पाहिजे. दारासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागला, किंवा पुढे खरखर आणि मागे गुळगुळीत असा बदल जाणवला, तर तिथे काम झालंय. त्याच्याही खाली दोन पत्र्यांच्या कडा जुळतात ती शिवण असते. ती वेगळी दिसली पाहिजे, स्पॉट वेल्डिंगचे खळगे ओळखू आले पाहिजेत. शिवण जाड काळ्या डांबरासारख्या थराखाली गडप असेल तर विचारा की हे कधी लावलं आणि कशासाठी. शेवटी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

काम झालेलं असणं वाईट नाही. उलट नीट वेल्डिंग झालेली गाडी मी कधीही आधी घेईन, कारण तिचं दुखणं निस्तरून झालेलं असतं. वाईट आहे ते ठिगळ. सडलेला पत्रा कापून काढायच्या ऐवजी त्याच्यावरच नवा पत्रा ठोकतात, पुट्टी, रंग, वर काळा थर, की झालं. बाहेरून चकाचक. वरून कीर्तन, आतून तमाशा. आत सड चालूच राहते आणि आता ती दिसतही नाही. चांगला वेल्डर जुना पत्रा कापल्यावर, नवा बसवल्यावर, रंग द्यायच्या आधी असे फोटो काढून ठेवतो. फोटो मागा. "फोटो नाहीत, पण काम एकदम चांगलं केलंय" या वाक्याची किंमत माझ्याकडे शून्य आहे.

चंदेरी गाडीबद्दल इथेच सांगतो. १९९८ ते २००५ मधल्या दुसऱ्या पिढीला सिलचं दुखणं आहेच, वर आणखी एक आहे. पुढच्या बाजूला इंजिनाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या मुख्य पट्ट्या काही भागात दुहेरी पत्र्याच्या केल्यात. त्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी आणि मीठ अडकतं आणि सुकायला जागा नाही. वरून बॉनेट उघडून हे दिसत नाही. गाडी उचलून, खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढून, टॉर्च मारून, मागून-पुढून ठोकून बघावं लागतं. तिथला पत्रा बदलायचा म्हणजे पुढच्या सस्पेन्शनपर्यंत सगळं मोकळं करायचं, आणि गाडीच्या किमतीच्या बरोबरीने बिल जाऊ शकतं. २००३ ची गाडी, स्वस्त किंमत, आणि मालक स्वतःहून "थोडा गंज" म्हणतोय. गंज थोडा आहे हे त्याने कुठून बघितलं, वरून की खालून, एवढं फोनवर विचारलंत तरी बराच उलगडा होईल.

एमओटीबद्दल बरेच जण फसतात. एमओटी म्हणजे त्या दिवशी गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित होती, एवढंच. तपासणारा माणूस गालिचा उचलत नाही, झाकणं काढत नाही, त्याला तशी परवानगीही नाही. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलंय तिथून ३० सेंटिमीटरच्या आत मोठा गंज असेल तर तो नापास करतो, पण दिसला तर. तेव्हा "नुकतीच पास" यापेक्षा आधीच्या वर्षांत काय लिहिलं होतं ते वाचा. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की २००५ पासूनचा इतिहास फुकट मिळतो, मैलांसकट. वाचायचं कसं? एका वर्षी "डाव्या सिलला किंचित गंज" अशी सूचना, पुढच्या वर्षी "गंज, पण सध्या धोका नाही", त्याच्या पुढच्या वर्षी काहीच नाही. मधे वेल्डिंग झालं असेल तर पावती असेल. पावती नसेल तर काळा थर असेल. मैलांचे आकडेही बघा. वर्षाला तीनशे-चारशे मैल अशी चार-पाच वर्षं दिसली तर खूश होऊ नका. गाडी ओलीत उभी होती, रबरं सुकली, ब्रेक अडकले.

"युनोस रोडस्टर" असं नाव कुठे दिसलं तर गोंधळू नका. जपानमध्ये हीच गाडी त्या नावाने विकली गेली, आणि तिथेही स्टिअरिंग उजवीकडे असल्याने शेकड्यांनी वापरलेल्या गाड्या इथे आल्या. "जपानी आहे, म्हणजे गंज नाही" असं विकणारे सांगतात. वीस वर्षांपूर्वी बोटीतून उतरली तेव्हा नव्हता. त्यानंतरचे हिवाळे तिने इथेच काढलेत. युनोसची ओळख म्हणजे चासी नंबर सतरा अक्षरांचा नसून एनए६सीई किंवा एनए८सी अशा अक्षरांनी सुरू होतो. विमा काढताना हे सांगावं लागतं, काही कंपन्या आयात गाडीला जास्त पैसे लावतात.

यंत्राकडे येतो, पण भरभर. गाडी थंड असताना बघायची असं आधीच सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कशासाठी तापवून ठेवली ते विचारा. थंड इंजिन सुरू केल्यावर वरून टिक-टिक आवाज येतो, तो हायड्रॉलिक टॅपेटचा. दोन-चार मिनिटांत गेला तर काळजी नाही, ऑइल वेळेवर बदललं की तो बराच कमी होतो. पाच मिनिटांनंतरही राहिला तर भाव कमी करायला कारण मिळालं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, कॅमच्या टोकाला एक सेन्सर असतो, त्याची रबरी रिंग कडक होऊन ऑइल गळतं. रिंग चिल्लर पैशांची आहे, पण ते ऑइल मागच्या हीटरच्या होज पाइपांवर पडत राहतं आणि ते फुगून मऊ होतात. बोटांनी दाबून बघा. क्लच पेडल ढिलं वाटलं किंवा गिअर पडताना अडखळला तर क्लच ढकलणारा खालचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. हे या गाडीत नेहमीचं आहे आणि स्वस्तातलं काम आहे. थंडीत दुसरा गिअर थोडा कुरकुरतो, तेही चालतं. गरम झाल्यावरही कुरकुरला तर मात्र सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) गेलाय.

१९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ गाड्यांचा क्रँकशाफ्ट पुढच्या टोकाला आखूड होता आणि तिथली चावी सैल होऊन पुली डगमगायची. पुलीला चार खाचा दिसल्या तर तो जुना, आठ दिसल्या तर नंतरचा. तुमच्या लाल गाडीला हा प्रश्न नाही. तिच्या बाबतीत विचारायचं ते वेगळं आहे: इंजिन १.६ की १.८? १९९५ नंतर इथे विकलेल्या १.६ ची ताकद कमी करून जेमतेम ९० बीएचपीवर आणली होती, १.८ ला १३० च्या आसपास आहे. गाडी टनभराचीच असल्यामुळे १.६ सुद्धा मजा देते, पण त्याच किमतीत दोन्ही मिळत असतील तर फरक कळायला हवा. रोड टॅक्समध्ये दोघींना सारखंच पडतं, कारण मार्च २००१ पूर्वीच्या गाड्यांना १,५४९ सीसीच्या वर एकच दर आहे.

मागचे ब्रेक कॅलिपर अडकतात, हँडब्रेक वर येत राहतो. बऱ्याचदा कॅलिपर बदलायची गरजही नसते. मागच्या बाजूला एक छोटा बोल्ट काढला की आत चार मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरवायचा स्क्रू आहे, तो जुळवून आणि सरकते पिन साफ करून ग्रीस केले की काम होतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर आणि टायर दहा वर्षांचा, असं या गाड्यांत सर्रास दिसतं, आणि असा कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर मागून घसरतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हलक्या गाडीत हे गमतीचं नाही. चार चांगले टायर आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) यांनी या गाडीत जितका फरक पडतो तितका कुठल्याही महागड्या सायलेन्सरने पडत नाही. पण अलाइनमेंटच्या आधी विचारा की ती जुळवायचे सस्पेन्शनचे लांब बोल्ट फिरतात का. बुशच्या आत गंजून ते असे धरतात की कापून काढावे लागतात, आणि तासाभराचं काम दिवसभराचं होतं.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. माझ्या मते इथेच तुमचा निर्णय अडलाय.

तुम्ही हिवाळ्यातही हीच गाडी चालवणार आणि ती बाहेर उभी राहणार. मग पहिल्या पिढीची नीट गाडी घेऊन तुम्ही तिचं आयुष्य कमी करणार आहात. घरात दुसरी गाडी असेल, किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी ट्रेनने जाता येत असेल, तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर मी तुम्हाला तिसरीच गाडी सुचवेन: २००६ ते २०१० मधली तिसऱ्या पिढीची एमएक्स-५, शक्यतो २.० लिटरची. टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, हीटर चांगला आहे, उंच माणूस जरा बरा मावतो, आणि तुमच्या बजेटमध्ये पैसे उरवून मिळते. गंज तिलाही लागतो, मागच्या चाकांच्या कमानी आणि खालचे सबफ्रेम बघावे लागतात, पण तिच्यावर कमी हिवाळे गेलेत. दिसायला आणि चालवायला पहिलीची सर तिला नाही, हे मी कबूल करतो. बॉनेटमधून वर उघडणारे आणि पुन्हा मिटणारे हेडलाइट फक्त पहिल्या पिढीला आहेत, आणि निम्मे लोक त्यासाठीच ती घेतात.

लंडनच्या यूलेझचाही, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणाऱ्या हद्दीचाही, विचार करा. ऑगस्ट २०२३ पासून ते सगळ्या लंडनभर लागू आहे, पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषणाच्या मानकात बसत नसेल तर दिवसाला १२.५० पौंड. १९९७ ची गाडी त्यात बसत नाही, २००६ नंतरची बसते, मधल्या गाड्यांचा नंबर टाकून वेबसाइटवर बघावा लागतो. तुम्ही रेडिंगला असलात तरी हीथ्रो त्या हद्दीत येतं. अर्थात आई-बाबांना आणायला तुम्ही ही गाडी नेणार नाही, दोनच सीट आहेत आणि डिकीत लोणच्याच्या बरण्यांची बॅगही मावणार नाही.

विमा गाडी घेण्याआधी विचारा. जुन्या गाड्यांचे स्वस्त विमे असतात, पण त्यात बहुतेक वेळा वर्षाला मैलांची मर्यादा, घरात दुसरी गाडी असल्याची अट, आणि ऑफिसला जाण्यावर बंदी असते. तीन दिवस ऑफिस म्हटल्यावर तुम्हाला साधा विमा लागेल. आधीच्या मालकाने बदललेली चाकं, स्प्रिंग, सायलेन्सर हे सगळं सांगावं लागतं. लपवलंत आणि अपघात झाला तर पैसे मिळताना घोडं तिथेच अडतं.

पैशांचं. सहा हजार आहेत म्हणून सहा हजारांची गाडी घेऊ नका. दीड हजार बाजूला ठेवा, आणि ते पहिल्या वर्षात जाणारच आहेत असं समजा: पट्टा आणि पंप, सगळी द्रवं, टायर, कदाचित टप. आमच्याकडे येणाऱ्या, मुळात नीट असलेल्या गाड्यांचं त्यानंतरचं वर्षाचं देखभालीचं बिल विमा, टॅक्स आणि पेट्रोल सोडून साधारण सातशे ते हजार पौंडांत बसतं. हाताने काम करणाऱ्याला निम्म्यात जमतं, आणि ही गाडी हाताने काम शिकायला फार चांगली आहे, सगळ्या बोल्टांपर्यंत पाना पोचतो. सिल सडलेली निघाली तर मात्र हा हिशेब विसरा. एका बाजूला नीट वेल्डिंग आणि रंगाचे सातशे-हजार पौंड आमच्या भागात सहज होतात, आणि एक बाजू सडली की दुसरी मागे नसते.

घेतल्यावर काय करायचं? पहिल्या आठवड्यात पाण्याच्या नळ्या साफ करा. जाड तार घालू नका, नळी फाटते. लवचीक दांड्याचा बारीक ब्रश मिळतो तो वापरा, आणि दर शरदात, पानं गळून झाली की पुन्हा. उन्हाळ्यात, गाडी आठवडाभर पूर्ण कोरडी राहिल्यावर, सिलच्या आत आणि पोटाखाली मेणाचा फवारा मारून घ्या. वॅक्सऑइल असो की दुसरं काही, ब्रँडपेक्षा पत्रा कोरडा आणि स्वच्छ असणं महत्त्वाचं. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर ओल आतच कोंडते. हिवाळ्यात मिठाच्या दिवसांनंतर चाकांच्या कमानी पाण्याने धुवा, विशेषतः आतली दुमडलेली कड, तिथे चिखल साचून राहतो. गॅरेज नाही म्हणून ताडपत्रीसारखं झाकण घालायचा मोह होईल. हवा न खेळणारं झाकण गाडीला उघड्यापेक्षा जास्त नुकसान करतं.

ऑइल वर्षातून एकदा किंवा पाच-सहा हजार मैलांना, जे आधी येईल ते. पावणेचार लिटरच्या आसपास लागतं, त्यात कंजुषी नको. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. पहिल्या पिढीच्या टपाची मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे, थंडीत ती दुमडली की चरा पडतो आणि मग फाटते. टप खाली करण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट झोपवायची. बॅटरी डिकीत आहे आणि तिचा वायू बाहेर सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. कुणी साधी बॅटरी तशीच ठेवून दिली असेल तर तिच्याखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला सापडतो, डिकीचा गालिचा उचलून हेही बघून घ्या.

तुमच्या दोन गाड्यांबद्दल माझं मत: चंदेरी सोडून द्या. वेल्डिंग स्वतः येत असेल तर ती गोष्ट निराळी, पण तुम्ही तसं लिहिलेलं नाही. लाल बघायला जरूर जा, हिवाळ्याची सोय होत असेल तरच. नळ्यांतून धार पडली, सिलला सारखी खरखर लागली, पट्ट्याची पावती दाखवली, तर ४,८०० मागतायत ते फार चुकीचं नाही. टायरचे पैसे वजा करून ४,२०० पासून बोला. वेल्डिंग झालेलं असेल आणि फोटो असतील, तरी मी घेईन. सिल काळ्या थराखाली असेल आणि उत्तरं गोल-गोल असतील, तर रंग कितीही आवडला तरी निघा, अशा लाल गाड्या दर महिन्याला विकायला येतात. पैसे देण्याआधी एखाद्या वर्कशॉपला तासाभराचे पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून घ्या. मालक त्याला नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

पुण्याचं उत्तर सोपं आहे: नेता येणार नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, शिवाय जकात आहेच. स्टिअरिंग उजवीकडे आहे एवढ्यावर भागत नाही. तेव्हा परतताना ती इथेच विकायची. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक फाइल करा: प्रत्येक पावती, एमओटीचा कागद, मेण मारतानाचे खालचे फोटो तारखेसकट. विकायची एप्रिल-मेमध्ये, ऊन पडायला लागलं की. नोव्हेंबरात टू-सीटर विचारायला कुणी येत नाही, आणि आलाच तर तो तुमच्या घाईचा भाव देतो.